नऊ सिटा, सोळा माणसं

परवा अहमदपूरच्या बसस्थानकासमोर तासभर उभा होतो. लातूरहून तिथवर एसटीने आलो, एका जुन्या स्नेह्याकडे चहापाणी झालं, आणि पुढे नांदेडला निघायचं तर गाडीच मिळेना. जी आली ती थांबली नाही. जी थांबली तिच्या दारात माणसं लोंबकळत होती. साठी उलटलेल्या माणसाने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी आणि मग दारातल्या रेटारेटीत शिरावं, हे आता होत नाही. शेवटी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. पलीकडे म्हणजे जिथे काळ्या-पिवळ्या जीपगाड्या नंबर लावून उभ्या असतात तिथे. ‘लोहाऽ लोहाऽ नांदेड’ असा पुकारा चालला होता. एक पन्नाशीचा, डाव्या पायाने लंगडणारा गृहस्थ हातात शाळकरी वही घेऊन कुणाची गाडी कितव्या नंबरला हे लिहीत होता. माझ्याकडे बघून तो थबकला.

‘‘कुठं चाललाव साहेब? वळखलं नाही का मला? तुमच्याच सहीची जीप होती माझी.’’

ओळखलं. न ओळखून कसं चालेल? आज जे लिहायचं आहे ते त्याच्याविषयी आहे, आणि माझ्या सहीविषयीही.

मी बँकेत अधिकारी होतो. १९९६ साली नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका शाखेत कर्जविभाग माझ्याकडे होता. त्या काळात मराठवाड्यातल्या कुठल्याही शाखेत बी.ए. झालेली, नोकरी न लागलेली, बापाच्या तीन-चार एकरावर भागत नसलेली मुलं रांगेने येत. कुणाला पिठाची गिरणी हवी असे, कुणाला झेरॉक्सचं यंत्र, आणि दहांतल्या चौघांना जीप. ट्रॅक्स किंवा कमांडर. हा त्यांतलाच एक. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये गुणपत्रिका, सातबारा आणि कुणा सल्लागाराकडून पैसे देऊन टंकलिखित करून घेतलेला प्रकल्प अहवाल.

तो अहवाल मला अजून आठवतो. त्यात लिहिलं होतं की सदर वाहन लग्नसमारंभ, सहली व तीर्थयात्रा यांसाठी करारावर देण्यात येईल. तुळजापूर, माहूर, पंढरपूर येथे भाविकांची सतत ये-जा असते. सबब व्यवसायास भरपूर वाव आहे. वाचून मी हसलो नाही, कारण असे पन्नासएक अहवाल मी आधी वाचले होते आणि सगळ्यांत हेच तुळजापूर आणि हेच माहूर होतं. लग्नसराई तीन महिन्यांची आणि बँकेचे हप्ते बारा महिन्यांचे. जीप कुठे धावणार हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आमच्या शिपायालाही माहीत होतं. ती लोहा ते अहमदपूर धावणार, वाटेत हात करील त्याला घेणार, म्हणेल तिथे उतरवणार आणि माणशी भाडं घेणार.

यात वाईट काय, असं वाचकांना वाटेल. वाईट काही नाही, फक्त ते बेकायदेशीर आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात प्रवासी वाहतुकीचे मुख्य दोन प्रकार आहेत. एक टप्पा वाहतूक: प्रत्येक प्रवाशाकडून वेगळं भाडं घ्यायचं, ठरलेल्या मार्गावर ठिकठिकाणी चढवायचं-उतरवायचं. म्हणजे आपली एसटी. दुसरी कराराची वाहतूक: एका माणसाने किंवा एका मंडळीने सबंध गाडी ठरवायची, मध्ये कुणाला घ्यायचं नाही, कुणाला सोडायचं नाही. म्हणजे वऱ्हाडाची गाडी. सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या भाड्याच्या गाडीला कायदा ‘मॅक्सीकॅब’ म्हणतो, आणि आमच्या रस्त्यावरच्या या गाड्यांना परवाना मिळे तो कराराचा. प्रत्यक्षात धंदा टप्प्याचा. काळा-पिवळा रंग हा या दोन शब्दांमधल्या फटीवर दिलेला रंग आहे.

मग टप्प्याचा परवानाच का देत नव्हते? कारण टप्पा एसटीचा. आणि हे एसटीवर उगाच केलेलं प्रेम नव्हे, त्यामागे विचार आहे. मराठवाड्यापुरतं बोलायचं तर सरकारी बस आपल्याकडे उर्वरित महाराष्ट्राआधी आली. निजामाच्या राज्यात रेल्वेखात्याच्याच अखत्यारीत १९३२ साली २७ गाड्यांवर सरकारी मोटारसेवा सुरू झाली. पुणे-अहमदनगर ही मुंबई राज्याची पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ ला, म्हणजे सोळा वर्षांनंतर. १९६१ मध्ये मराठवाडा, विदर्भ आणि जुन्या मुंबई राज्याच्या सेवा एकत्र येऊन आजचं महामंडळ झालं. कल्पना अशी की नांदेड-लातूरसारख्या भरल्या रस्त्यावर मिळालेल्या चार पैशांतून कंधारच्या एखाद्या तांड्यावर जाणारी रिकामी मुक्कामी गाडी चालवायची. विद्यार्थ्यांना पास द्यायचा, ज्येष्ठांना सवलत द्यायची, मुलींना शाळेपर्यंत फुकट न्यायचं. शिवाय तिकिटामागे साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारला भरायचा. जीपवाल्याला यातलं काही नाही. तो साय खातो आणि ताक एसटीला ठेवतो. एसटीतल्या माझ्या एका वाहक मित्राने हे मला पस्तीस वर्षांत शंभर वेळा सांगितलं असेल आणि प्रत्येक वेळी त्याचं बरोबर होतं.

पण सायीवर टपलेल्या या जीपला आमच्या भागातल्या माणसाने आपलं का म्हटलं, हेही सांगितलं पाहिजे. एसटी वेळेवर सुटते, निदान सुटावी अशी अपेक्षा असते. जीप भरली की सुटते. ज्याला दूध घालायचं आहे, ज्याची कोर्टात तारीख आहे, जिचं लेकरू तापाने फणफणलंय, त्याला वेळापत्रक नको असतं, निघणारी गाडी हवी असते. रात्री अकरा वाजता बाळंतीण अडली तर गावातला जीपवाला उठतो. आगाराचा व्यवस्थापक कसा उठणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्या सकाळी आमच्या शाखेसमोरून एकामागून एक जीपगाड्या त्या दिशेने गेल्या. कुणाची बहीण तिकडे दिलेली, कुणाची लेक. टपावर माणसं, मागच्या पायरीवर माणसं. परवाना विचारायला रस्त्यावर कुणी उभं नव्हतं.

तर त्या मुलाचा हिशेब. परवाना नऊ प्रवाशांचा. मी पेन्सिलीने अहवालाच्या पाठीमागे आकडेमोड केली. नऊ सिटा, रोजच्या चार फेऱ्या धरल्या. डिझेल, टायर, दुरुस्ती, विमा, कर आणि नंबरवाल्याचे पैसे वजा जाता हप्त्याला रुपयातले दहा आणे उरत होते. चौदा माणसं धरली की हप्ता निघे. सोळा धरली की त्याच्या घरची चूल पेटे. म्हणजे कर्ज फिटायचं असेल तर जीपने रोज कायदा मोडणं भाग होतं; आणि जीप कायद्याने चालली तर खातं थकीत होणं ठरलेलं. मी ती पेन्सिल खोडरबराने पुसली आणि शिफारस लिहिली: ‘व्यवसाय किफायतशीर, परतफेडीची क्षमता समाधानकारक.’ खाली सही केली.

सोळा माणसं नऊ सिटांत कशी बसतात, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. पुढे ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला तीन. मधल्या बाकावर पाच, त्यात एकाने पुढे सरकून आणि एकाने मागे टेकून बसायचं. मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर चार-चार, गुडघ्यात गुडघे अडकवून. ही झाली सोळा. सतरावा ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, दाराला चिकटून. मग ड्रायव्हरच अर्धा मधे सरकतो आणि गिअर टाकताना शेजाऱ्याला ‘पाय घ्या’ म्हणतो. अठरावा मागच्या पायरीवर. टपाचा हिशेब वेगळा. यात कुणी तक्रार करत नाही, कारण ‘सरका जरा’ म्हणणारा जो तो पुढच्या थांब्यावर स्वतः सरकलेला असतो.

पहिली तीन वर्षं त्याचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेच्या आत येई. आमच्या शाखेतली सगळ्यांत चांगली खाती जीपवाल्यांची होती. वसुलीबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली होती. १९९७ मध्ये मी एक टिपण लिहून वर पाठवलं होतं की आपण या वाहनांना कर्ज देतो तेव्हा विमा नऊ माणसांचा असतो आणि गाडीत सोळा असतात, याचा बँकेने विचार करावा. टिपण परत आलं. शेरा एका ओळीचा होता: ‘सदर बाब बँकेच्या कक्षेत येत नाही.’ मीही पुन्हा लिहिलं नाही. हप्ते येत होते ना!

१९९९ च्या मे महिन्यात लोह्याच्या पुढे ती जीप पुलाचा कठडा तोडून खाली गेली. आत सतरा माणसं. चार गेली. गाडी चालवत होता तो स्वतः. डावा पाय तीन ठिकाणी मोडला.

अपघात सगळीकडे होतात. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. नांदेडला मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे दावे लागले. विमा कंपनीचं म्हणणं सरळ होतं: परवाना कराराचा, वाहतूक टप्प्याची, विमा नऊंचा, माणसं सतरा. आम्ही देणं लागत नाही, आणि लागत असलो तर नऊंचं. मग प्रश्न आला, सतरांतले ते नऊ कोण? कर्जाची कागदपत्रं घेऊन एका तारखेला मी साक्षीला गेलो होतो. वकिलाने एका बाईला विचारलं, तुमचे यजमान कितव्या सिटेवर बसले होते? ती बाई म्हणाली, ‘‘सीट कुठं होती? ते ह्यांच्या मांडीवर बसले होते,’’ आणि शेजारी उभ्या असलेल्या, हाताला प्लास्टर बांधलेल्या दिराकडे तिने बोट केलं. न्यायालयात कुणी काही बोललं नाही. टंकलेखकाने ते लिहूनही घेतलं.

कायदा पुढे याबाबत थोडा स्पष्ट झाला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका रिक्षाच्या प्रकरणात सांगितलं की परवान्याशिवाय चालणाऱ्या वाहनाचा भार विमा कंपनीवर पडत नाही. तरी कंपनीने आधी जखमींना वा वारसांना पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. २००७ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका बसचं प्रकरण आलं. ४२ प्रवाशांच्या बसमध्ये ९० माणसं होती, २६ मेली. न्यायालय म्हणालं, विमा जेवढ्या प्रवाशांचा, कंपनीची जबाबदारी तेवढीच. पण कोणते ४२, हे ठरवणार कसं? तेव्हा सर्वांत मोठ्या रकमेचे ४२ निवाडे धरायचे, त्यांची बेरीज कंपनीने जमा करायची आणि ती सगळ्या दावेदारांत प्रमाणात वाटायची. उरलेलं मालकाकडून घ्या. हिशेब म्हणून मला तो न्याय्य वाटतो. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला याहून बरी वाटणी सुचणार नाही. पण ‘उरलेलं मालकाकडून घ्या’ या तीन शब्दांचा अर्थ आमच्या रस्त्यावर एकच होतो. त्याची तीन एकर जमीन गेली. ती विकूनही मृतांच्या घरी पूर्ण रक्कम पोचली नाही. आणि बँक? जीपच्या सांगाड्यावर पहिला बोजा आमचा होता. लिलावाचे पैसे आधी आम्हाला मिळाले, बाकीचं एकरकमी तडजोडीत मिटलं. सगळ्यांत कमी नुकसान त्यांचं झालं ज्यांना आधीपासून सगळं माहीत होतं.

नियमन म्हटलं की आपल्याकडे दंड आठवतो. बसस्थानकापासून दोनशे मीटरच्या आत खासगी वाहन उभं करू नये, असे फलक गावोगाव आहेत. त्या फलकाच्या सावलीत जीप उभी असते. दर दिवाळीच्या तोंडावर मोहीम निघते, पाच-पंचवीस गाड्या अडकवून ठेवतात, आठ दिवस पुकारा बंद, नवव्या दिवशी सुरू. मधल्या काळात कुणाच्या खिशात काय जातं, हे रस्त्यावरच्या पोरालाही ठाऊक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात एक कलम आलं: जादा प्रवाशामागे दोनशे रुपये दंड, आणि त्या जादा प्रवाशांना उतरवून त्यांच्या पुढच्या प्रवासाची दुसरी सोय झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. वाचून मला लिहिणाऱ्याचं कौतुक वाटलं. माळेगावच्या माळावर संध्याकाळी सात जणांना उतरवायचं आणि त्यांची दुसरी सोय करायची! ती सोय असती तर ते सात जण या जीपमध्ये कशाला बसले असते?

आणि मग नोव्हेंबर २०२१ आला. एसटीचे कर्मचारी संपावर होते. ८ तारखेला सरकारने एक अधिसूचना काढली आणि संपाच्या काळापुरती खासगी बस, शाळांच्या बस, कंपन्यांच्या बस, इतकंच काय मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. तोवर ज्या स्थानकापासून दोनशे मीटर लांब राहायचं, त्याच स्थानकाच्या दारातून खासगी गाड्या सुटत होत्या. तीस वर्षं जे पाप होतं ते एका कागदाने पुण्य झालं, आणि संप मिटल्यावर पुन्हा पाप. एसटी कामगारांच्या मागण्यांबद्दल मला सहानुभूतीच आहे. मुद्दा वेगळा आहे: मुभा देताना या गाड्यांत माणसं किती, भाडं किती, विमा किती, हे कायमचं ठरवून घ्यायची संधी होती. ती गेली.

हे आपल्याकडेच घडतं असं मात्र नाही. न्यूयॉर्कमध्ये १९८० साली शहर वाहतुकीचा अकरा दिवस संप झाला आणि खासगी व्हॅनगाड्या रस्त्यावर आल्या. संप मिटला, व्हॅन राहिल्या. पुढे त्यांना परवाने दिले, पण अट अशी की प्रवासी आधी ठरलेले असावेत, त्यांची यादी गाडीत असावी आणि बसच्या मार्गावर हात करणाऱ्याला घेऊ नये. म्हणजे आमचंच तुळजापूर-माहूर! केनियात नैरोबीच्या मटाटू गाड्यांना १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी परवान्याची सक्तीच उठवली. तीस वर्षांनी जॉन मिचुकी नावाच्या परिवहनमंत्र्याने नियम आणले: ताशी ८० किलोमीटरचा वेगरोधक, प्रत्येक प्रवाशाला पट्टा, चालक-वाहकाला गणवेश, चौदा आसनी गाडीत चौदाच माणसं. २००४ च्या फेब्रुवारीत ते लागू झाले तेव्हा गाड्या बंद पडल्या आणि लोक मैलोन्मैल चालत कामावर गेले. मिचुकी हटले नाहीत. पुढे नियम ढिले पडले, हेही खरं. पण पट्टा सोळाव्याला लावता येत नाही, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली होती.

आपल्या कायद्यातही दार अगदीच बंद नाही. राज्य परिवहनासाठी राखलेल्या मार्गावर महामंडळाने स्वतः परवाना मागितला नसेल तर दुसऱ्याला तात्पुरता परवाना देण्याची तरतूद १०४ व्या कलमात आहे. जिथे एसटीची दिवसाला एकच फेरी आहे तिथे या जीपला टप्प्याचा परवाना द्यावा, असं माझं मत झालं आहे. मात्र फुकट नाही. पहिली आणि शेवटची फेरी भरो न भरो सोडायची, शाळेचा पास घ्यायचा, भाडं गाडीवर रंगवायचं, आणि सिटा तितकाच विमा, विमा तितकीच माणसं. माझा वाहक मित्र याला हसतो. तो म्हणतो, ‘‘तुझा परवाना तांड्याचा असेल आणि गाडी दिसेल लातूर रोडवर.’’ याला माझ्याकडे उत्तर नाही. शिवाय नऊ माणसांत हप्ता निघत नाही हा १९९६ चा हिशेब अजून तसाच आहे. मग भाडं वाढवावं लागेल आणि ते तांड्यावरच्या माणसालाच द्यावं लागेल.

परवा त्या वहीवाल्याला मी हेच विचारलं. तो म्हणाला, ‘‘आता कशाचा परवाना साहेब? धंदाच बसला.’’ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याआधीच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. ‘‘बाया गेल्या, म्हातारी गेली. राहिली नुसती गडीमाणसं, त्यांच्याजवळ मोटारसायकली.’’ नव्या महामार्गावर लोकांच्या स्वतःच्या गाड्या आल्या. नंबरला पूर्वी वीस जीप असत, त्या दिवशी मी मोजल्या तर सहा होत्या, आणि सहावीला दोन्ही दिवे नव्हते. तो स्वतः गाडी चालवत नाही. फेरीमागे त्याला काही रुपये मिळतात. त्याने मला पुढे, खिडकीशी बसवलं आणि मधल्या सिटेवर पाचवा माणूस बसू लागला तेव्हा त्याला हाताला धरून खाली उतरवलं. ‘‘मागच्या गाडीत बस. ही भरली.’’ आत आम्ही दहा होतो.

गाडी त्याच्या नजरेआड होताच ड्रायव्हरने शिरूरला जाणाऱ्या नव्हे, लोह्याला जाणाऱ्या चार जणांना फाट्यावर घेतलं. माळेगावच्या पुढे दप्तरं घेतलेल्या दोन मुली उभ्या होत्या. त्यांनी हात केला नाही. त्यांच्याजवळ एसटीचा पास होता. ड्रायव्हरने गाडी थांबवली. ‘‘तुमची बस आज यायची नाही गं. चला.’’ ‘‘पैसे नाहीत.’’ ‘‘मागितले का?’’ मागची माणसं सरकली. मी मोजू नये असं ठरवलं होतं, पण मोजलं. सोळा.

नांदेडला लातूर फाट्यावर उतरलो तेव्हा दिवे लागले होते. खिशातून शंभराची नोट काढली. ड्रायव्हरने मान हलवली. ‘‘काकांनी सांगितलंय, साहेबांकडून घेऊ नको म्हणून.’’ मी नोट त्याच्या समोरच्या खणात टाकली. त्याने ती काढून परत माझ्या हातात दिली आणि गाडी वळवायला लागला.